किरणोपचार आणि नेत्ररक्षण

जें तत्काळ दुखत नाहीं तें अपायकारक असेल, ही गोष्ट मनुष्याच्या गळीं सहसा उतरत नाहीं. विस्तवाला हात लावूं नये हें मूल एकदां पोळलें कीं शिकतें. पण ज्याचा चटका वर्षांनंतर बसतो, त्या विस्तवाचा धडा शिकावयास विद्वानांनाहि अर्धें शतक लागलें. किरणोपचार करतांना रोग्याचा डोळा शिशानें झांकण्याची जी रीत आहे, तिचा इतिहास आम्हांस यासाठींच मननीय वाटतो.

जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटगेन यांनीं नोव्हेंबर १८९५ मध्यें क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत एडिसन यांनीं, या किरणांवर काम केल्यानें डोळे चुरचुरतात, अशी तक्रार केली. त्यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे हात किरणांनीं नासले, आणि १९०४ सालीं त्यांतच त्यांचा अंत झाला. १८९७ सालीं खालुपेत्स्की यांनीं सशाच्या डोळ्यांवर प्रयोग करून, किरणांनीं नेत्रभिंग गढूळ होतें, असें नमूद केलें. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच तीन नियम सांगितले: पाहणाऱ्यानें किरणांस अडविणारा चष्मा वापरावा, नळीभोंवतीं अभेद्य वेष्टन असावें, आणि रोग्याचा जेवढा भाग हवा तेवढाच उघडा ठेवून बाकीचा झांकावा. आजच्या नेत्ररक्षणाचें सारें सार या तिसऱ्या नियमांत आहे. परंतु त्या काळीं तिकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

याचें कारण भिंगाच्या घडणींतच सांपडतें. भिंगास रक्तवाहिन्या नाहींत व वेदनाहि नाहीं. त्याच्या कडेच्या पेशी जन्मभर नवे तंतू निर्माण करितात. जुने टाकून देण्याची सोय मात्र तेथें नाहीं. किरणांनीं बिघडलेल्या पेशींचे सदोष तंतू हळूहळू भिंगाच्या मागील बाजूस सरकतात, आणि तेथें मोतीबिंदू धरतो. यास महिने, पुष्कळदां वर्षें लागतात. पापणीवरील व्रण बरा करून वैद्य निश्चिंत होई. दृष्टि मंदावे तोंवर त्या उपचाराची आठवणहि बुजलेली असे.

१९४९ सालीं दोन वार्ता एकाच सुमारास प्रसिद्ध झाल्या. हिरोशिमाच्या अणुस्फोटांतून वांचलेल्या कांहीं जणांस मोतीबिंदू झाल्याचें आढळलें; आणि सायक्लोट्रॉन यंत्रांवर काम केलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या डोळ्यांतहि तोच विकार दिसला. १९५७ सालीं मेरियम व फोख्ट यांनीं किरणोपचार घेतलेल्या रोग्यांचे डोळे तपासले. त्यावरून, एकाच वेळीं सुमारें २ ग्रे इतकी मात्रा भिंगास बाधते, असें ठरलें. २०११ सालीं आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण मंडळानें ही मर्यादा ०.५ ग्रेवर, म्हणजे चतुर्थांशावर आणिली. ज्यास निर्धोक म्हणावें तें पुढें निर्धोक ठरूं नये, हाच क्रम येथेंहि दिसतो.

आज पापणीवरील अर्बुदावर किरण सोडण्यापूर्वीं डोळ्यांत बधिर करणारे थेंब घालतात आणि पापणीखालीं शिशाची किंवा टंग्स्टनची लहानशी वाटी बसवितात. इलेक्ट्रॉन धातूवर आदळून मागें उसळतात व पापणीस पोळतात. म्हणून त्या वाटीवर मेणासारख्या हलक्या पदार्थाचा लेप असतो. तथापि प्रखर शक्तीचे किरण इतक्या पातळ धातूस जुमानीत नाहींत. तेथें किरणांची दिशा व आकारच असा योजावा लागतो कीं भिंग त्यांच्या वाटेंत येऊं नये. अर्बुद डोळ्यालगतच असेल तर जीव वांचविण्यासाठीं कधीं भिंगाचा बळी द्यावा लागतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनें काढतां येतो. पण दृष्टिपटलास झालेली इजा तशी भरून येत नाहीं.

हें सर्व पाहतां आम्हांस असें वाटतें कीं, ती इवलीशी वाटी वैद्याच्या दूरदृष्टीची कसोटी आहे. आपल्यासमोर आलेल्या रोगाचा तो शत्रु आहेच. पण रोगाशेजारच्या निरोगी अवयवाचा तो विश्वस्तहि आहे, आणि त्या अवयवाची तक्रार त्याच्या कानीं पडावयास कदाचित् दहा वर्षें लागणार आहेत.