वारीची दाटी आणि पदार्थविज्ञान

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान ठेवणारी तुकाराममहाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या वाटेस लागते. काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण होतें, बेलवाडीस अश्व धांवतो. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं हा सोहळा सुरू केला. मोकळ्या माळावर माणसें ऐसपैस चालतात. परंतु जेथें वाट अरुंद होते व पाऊल मंदावतें, तेथें एकाएकीं दाटी होते. दिंडी भक्तीनें एकत्र येते खरी, पण ही दाटी कोणी ठरवून केलेली नसते. मग ती होते कशी?

हॉलंडचा शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यानें १८७३ सालीं आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, वायूचा द्रव होतो तो कणांच्या परस्पर आकर्षणामुळें. त्यावरून, आकर्षणावांचून विरळ आणि दाट अशीं दोन रूपें वेगळीं होणार नाहींत, अशी समजूत रूढ झाली. निर्जीव वायूपुरती ती योग्यच होती.

पण जे कण स्वतःच्या बळानें चालतात त्यांचें काय? १९९५ सालीं हंगेरीचे टामाश व्हिचेक व त्यांचे सहकारी यांनीं, शेजाऱ्याच्या दिशेस तोंड वळविणाऱ्या कणांचा थवा कसा बनतो, हें संगणकावर दाखविलें. पुढें २००८ सालीं ज्युलियां तायर व मायकेल केट्स यांनीं पोहणाऱ्या जंतूंचा विचार केला. त्यांच्या गणितांत आकर्षण मुळींच नव्हतें. नियम एवढाच, कीं भोंवतीं दाटी वाढली म्हणजे वेग घटतो. वेग घटला कीं कण तेथेंच रेंगाळतो. रेंगाळणारे वाढले कीं दाटी वाढते. आणि दाटीनें वेग आणखी घटतो. ही घट पुरेशी तीव्र असेल, तर एकसारखा पसरलेला समुदाय आपोआप दुभंगतो. एकीकडे दाट जमाव, दुसरीकडे विरळ मोकळीक! २०१३ सालीं जर्मनींत, प्रकाशाच्या योगानें द्रवांत चालणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांत असेच पुंजके बनलेले प्रत्यक्ष दिसले.

माणूस म्हणजे कण नव्हे. तो पुढें पाहतो, थांबतो, दुसऱ्यास वाट देतो. म्हणून जंतूंचें गणित वारकऱ्यांस जसेंच्या तसें लावणें बरोबर नाहीं. तरी त्यांतील बोध व्यवहारास उपयोगी आहे. मंदावलेल्या पावलांतून झालेली दाटी मागून रेटा दिल्यानें सुटत नाहीं, उलट जीवावर बेतते. पुढचें पाऊल चालतें राहिलें तरच ती सुटते. गर्दीबद्दल कोणास बोल लावण्यापूर्वीं, पाऊल कोठें अडलें तें आधीं पाहावें.