चाळीस वर्षांपूर्वीचे गेम आजच्या मोबाइलवर कसे चालतात?

१९८०च्या दशकातले कॉम्प्युटर कधीच भंगारात गेले. पण त्यांच्यासाठी लिहिलेले अनेक अ‍ॅडव्हेंचर गेम आज साध्या अँड्रॉइड फोनवरही खेळता येतात. ही किमया 'गेम इंजिन'ची.

इंजिन म्हणजे काय?

दौंड जंक्शन माहीत असेल तर हे सोपे आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची तिथे दिशा बदलायची. एका टोकाचे इंजिन सुटायचे, दुसऱ्या टोकाला इंजिन लागायचे. डबे तेच राहायचे. गेममधली कथा, चित्रे आणि संवाद म्हणजे डबे. ते चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे इंजिन.

सुरुवात कशी झाली?

अमेरिकेतील विल क्राउदर यांनी १९७६च्या सुमारास 'कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' लिहिला. त्यात चित्रे नव्हती. गुहेचे वर्णन वाचायचे आणि 'दिवा घे'सारख्या आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला.

इंजिन वेगळे का केले?

तेव्हा एका कंपनीच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालत नसे. म्हणून 'झॉर्क'वाल्या इन्फोकॉमने १९७९ मध्ये 'झेड-मशीन' हा काल्पनिक कॉम्प्युटर आखला. गेम त्याच्यासाठी एकदाच लिहायचा. प्रत्येक खऱ्या कॉम्प्युटरसाठी फक्त छोटे इंजिन नव्याने बनवायचे. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सने 'मॅनिअ‍ॅक मॅन्शन'साठी 'स्कम' इंजिन तयार केले. त्यात टाइप न करता पडद्यावरची क्रियापदे निवडायची. 'मंकी आयलंड'ही याच इंजिनावर बनला.

गेम वाचले कसे?

कष्ट वाचवण्यासाठी केलेली ही विभागणी पुढे गेमच वाचवून गेली. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगेउस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी 'स्कमव्हीएम' हे मोफत सॉफ्टवेअर सुरू केले: डबे जुनेच, इंजिन नवे. पुढे स्वयंसेवकांनी त्यात इतर कंपन्यांच्या इंजिनांचीही भर घातली. गेमच्या मूळ फाइल मात्र स्वतः मिळवाव्या लागतात. 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) सारखे काही गेम मालकांनीच मोफत केले आहेत. ते स्कमव्हीएमच्या वेबसाइटवर मिळतात.

आज याचे महत्त्व काय?

आजचे अनेक मोबाइल गेम कंपनीने सर्व्हर बंद केला की संपतात, कारण खेळणाऱ्याच्या हाती पूर्ण गेम नसतोच. मराठीत गेम लिहायचा असेल तर 'ट्विन' हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात देवनागरीही लिहिता येते. शिरूरच्या घोड नदीकाठची रहस्यकथा त्यात लिहिली, तर तयार होणारी फाइल आपल्याकडेच राहते. म्हणजे पुढे कधी इंजिन बदलायची वेळ आली, तरी डबे हाताशी असतील.