सुरवंटदंश (बेळगाव–निपाणी परिसर)

केसाळ किंवा काटेरी अळीच्या स्पर्शाने त्वचेला, डोळ्यांना व श्वसनमार्गाला होणारी इजा. 'दंश' हा शब्द रूढ असला तरी अळी चावत नाही. त्रास होतो तो तिच्या केसांचा किंवा काट्यांचा. या अळ्या म्हणजे पतंगांची पिले. मराठीत त्यांना सुरवंट किंवा घुला म्हणतात, तर कन्नडमध्ये 'कंबळीहुळ', म्हणजे घोंगडीकिडा.

निपाणीच्या तंबाखूची पाने खाणारी अळी गुळगुळीत असते, तिच्यापासून माणसाला अपाय नाही. सोयाबीन, सूर्यफूल व भुईमुगावरील केसाळ अळ्यांनी काहींना खाज सुटते. परसातल्या शेवग्यावरचे सुरवंट दिवसा खोडावर पुंजक्याने बसतात आणि रात्री पाला खातात. खोडाला टेकणाऱ्याला किंवा झाडावर चढणाऱ्या मुलाला ते हमखास भेटतात. एरंड व आंब्यावरील काटेरी हिरव्या अळीची तऱ्हा निराळी आहे. तिचे काटे पोकळ असून ते टोचताच विष आत उतरते व क्षणात आग होते. याच कुळातल्या 'घोणस अळी'ने सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रात मोठी घबराट माजवली. तिने माणूस दगावतो ही अफवाच होती. सापाच्या नावाने भीतीला बळ दिले एवढेच. प्राणघातक रक्तस्राव घडवणारे सुरवंट दक्षिण अमेरिकेत आढळतात.

केस टोचलेल्या जागी गांधी उठतात, आग व खाज होते. बहुधा काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत हे ओसरते. मेलेल्या अळीचे, टाकलेल्या कातीचे आणि कोशाचे केसही टोचतात, म्हणून झाडाखाली वाळत घातलेल्या कपड्यांतूनही पुरळ येते. केस श्वासावाटे गेल्यास खोकला येतो व दमेकऱ्यास धाप लागते.

डोळ्याची इजा सर्वांत गंभीर. केसावरील सूक्ष्म उलट्या काट्यांमुळे तो बाहेर न पडता आत सरकत जातो. चोळल्यास हे अधिक वेगाने घडते. लाली व पाणी येण्यापासून बुबुळाच्या आतील दाहापर्यंत परिणाम होतात, तेही कधी आठवड्यांनी.

लागलेली जागा चोळू नये. पाला किंवा फडकेही घासू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढल्याने केस निघतात. मग साबणपाण्याने धुऊन थंड पट्टी ठेवावी. कपडे बदलून वेगळे धुवावेत. चेहरा किंवा जीभ सुजली, श्वास अडखळला, तर तातडीने दवाखाना गाठावा. डोळ्यात केस गेल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. कारण बारीक केस साध्या नजरेला दिसत नाहीत.