आठवड्याची एक पेनी

15 फेब्रुवारी 1742. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ‘न्यू रूम’ या इमारतीत मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचे अनुयायी जमले होते. विषय अध्यात्माचा नव्हता, कर्जाचा होता. इमारतीची पायाभरणी होऊन तीन वर्षे होत आली, तरी बांधकामाचे देणे फिटत नव्हते. तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने तोडगा सुचवला : कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. लगेच हरकत आली. आपल्यातले कितीतरी जण इतके गरीब आहेत की त्यांना पेनीसुद्धा जड. त्यावर फॉयने सांगितले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्या नावावर लावा. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. त्यांनी दिले तर घेईन, नाही दिले तर त्यांच्या वाटची पेनी मीच भरीन.

अकरा जण आणि वसुली करणारा एक, असे बारा. बारा पेन्यांचा एक शिलिंग. म्हणजे गटामागे आठवड्याला एक शिलिंग, हिशेबाला वहीसुद्धा नको.

वसुली सुरू झाली आणि भलतेच हाती लागले. पेनी घ्यायला घरोघर जाणाऱ्यांना दाराआडचे संसार दिसू लागले. कोणी दारूत बुडालेला, कोणी बायकोशी रोज भांडणारा. वसुली करणारे हे सगळे वेस्लीला येऊन सांगू लागले. वेस्ली धूर्त संघटक होता. वाढत्या अनुयायांवर नजर कशी ठेवावी, याचे उत्तर त्याला या वसुलीतच सापडले. पेनी गोळा करणारा हळूहळू गटाचा आध्यात्मिक पुढारी झाला. बारा जणांचा गट ‘क्लास’ म्हणून मेथडिस्ट पंथाचा कणा झाला. पुढे आठवड्याला पेनी आणि तिमाहीला शिलिंग हा त्यांचा शिरस्ताच पडला. कर्जवसुलीतून पाळकपण जन्माला आल्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे अवघड.

यातले नवेपण कळायला त्या काळचे इंग्लंड आठवावे लागते. तिथल्या अधिकृत चर्चला लोकांपुढे हात पसरायची सहसा गरज नसे. दशांश होता, आणि तो कायद्याने देणे भाग होते : शेतातले धान्य, मेंढ्यांची लोकर, दूध, डुकराची पिल्लेसुद्धा. तो ठेवायला खास कोठारे होती. क्वेकर पंथाचे लोक तत्त्वापोटी तो नाकारत, तेव्हा त्यांच्या घरातले सामान जप्त होई. 1836 च्या कायद्याने या धान्यरूप दशांशाचे रोख रकमेत रूपांतर केले आणि पुढे आणखी शंभर वर्षांनी, 1936 मध्ये, तो मोडीत निघाला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आज ‘दशांश’ म्हटले की राजीखुशीने दिलेले दान डोळ्यांपुढे येते. इंग्लिश शेतकऱ्याच्या कानाला त्याच शब्दात जप्तीची चाहूल लागत असे.

अटलांटिकपलीकडे हा आधार आधीच सुटू लागला होता. कनेक्टिकटमध्ये 1818 मध्ये आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 1833 मध्ये चर्चसाठीचा सरकारी कर संपला. पाळकाचा पगार, छपराची डागडुजी, हिवाळ्यातले सरपण, सगळे आता लोकांच्या मर्जीवर. परदेशातल्या मिशनकार्याला तर करातून कधीच काही मिळाले नव्हते, त्यामुळे मागण्याची कला आधी तिथेच घडली. 1802 मध्ये बॉस्टनच्या मेहिटेबल सिम्पकिन्स यांनी बायकांची ‘सेंट’ संस्था काढली. नियम एवढाच : प्रत्येकीने आठवड्याला एक सेंट द्यायचा. घरखर्चातून एक सेंट बाजूला काढायला नवऱ्याची परवानगी लागत नाही, हे बायकांना पक्के ठाऊक होते.

असल्या चिल्लरीतूनच 1810 मध्ये स्थापन झालेले, परदेशी मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड पुढे पोसले गेले. 1812 च्या फेब्रुवारीत बोर्डाची पहिली माणसे जहाजात बसली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघाले होते. गव्हर्नर इव्हान नेपियन यांनी अखेर राहू दिले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ इथला.

प्रश्न दोन पिढ्यांनी उभा राहिला. न्यू इंग्लंडमधल्या बायकांच्या सेंटवर मराठी मंडळ्या किती काळ चालणार? बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन यांचे मत स्पष्ट होते : देशी मंडळीला देशी पाळक असावा आणि त्याचा खर्च मंडळीने उचलावा. ते स्वतः 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन मिशनची ठाणी पाहून गेले. त्याच सुमारास अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तत्त्व खरोखर चांगले होते. पण त्या भागातल्या खेड्यांत मंडळीत येणारे बरेच जण महार समाजातले, बलुत्यावर जगणारे. त्यांच्या घरी रोकड क्वचितच असे. मिळकत सुगीला आणि तीही धान्यात, तर पाळकाचा पगार दरमहा आणि नाण्यांत. बॉस्टनमध्ये बसून आखलेल्या स्वावलंबनाला हा सांधा नीट दिसत नव्हता. कापणीच्या सणाला ज्वारी, भोपळे, अंडी, जिवंत कोंबड्या वेदीपुढे आणायच्या आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव पुकारायचा, ही रीत मंडळ्यांमध्ये रुजली याचे नवल वाटायला नको. कोंबडीचे रुपये लिलावात होतात. देणाऱ्याला ते आधी जमवावे लागत नाहीत.

लिलाव अमेरिकेतही होत, पण बाकांचे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शहरी चर्चांचे उत्पन्न मुख्यतः बाकभाड्यावर चाले. पुढचे बाक महाग, खांबाआडचे स्वस्त, गरिबाला सज्जात मागे कुठेतरी. ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमध्ये हेन्री वॉर्ड बीचर यांचे प्रवचन ऐकायला इतकी गर्दी लोटे की दरवर्षी बाकांची बोली लागे आणि ठरल्या भाड्यावर लोक चढती रक्कम मोजत. याच चर्चमध्ये 1860 मध्ये बीचर यांनी पिंकी नावाच्या नऊ वर्षांच्या गुलाम मुलीला व्यासपीठावर उभे केले आणि तिच्या सुटकेसाठी झोळी फिरवली. 900 डॉलर लागत होते, ते जमले. कोणीतरी बोटातली अंगठीही टाकली. श्रीमंती मिरवायला चढ्या बोलीने बाक घेणारे आणि झोळीत अंगठी टाकणारे लोक एकाच छपराखाली बसत होते.

बाकभाडे ओसरले ते लाजेमुळे थोडे आणि पाकिटामुळे जास्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ड्युप्लेक्स कंपनीची दोन कप्प्यांची पाकिटे गाजली : एक कप्पा स्वतःच्या चर्चच्या खर्चासाठी, दुसरा मिशनकार्यासाठी. वर्षाची बावन्न पाकिटे, प्रत्येकावर रविवारची तारीख आणि देणाऱ्याचा नंबर. एखाद्या रविवारी पाऊस पडला म्हणून कोणी आला नाही, तरी त्याचे पाकीट पुढच्या आठवड्यात येईच. रिकामे राहिलेले पाकीट घरात डोळ्यांसमोर पडून असते, ही त्यातली मेख.

पाकिटाआधी वचन घ्यावे लागे. 1906 मध्ये न्यूयॉर्कला सामान्य सभासदांची मिशनरी चळवळ सुरू झाली. विल्यम्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीआड केलेल्या ज्या प्रार्थनेतून अमेरिकन बोर्डाची कल्पना निघाली, तिच्या शताब्दीचे हे निमित्त. मुंबईला आलेला हॉल त्याच कॉलेजचा. या चळवळीने घरोघर फिरण्याची पद्धत पक्की केली. ठरलेल्या रविवारी दोघादोघांच्या जोड्या प्रत्येक सभासदाच्या दारी जात आणि वर्षाच्या आकड्याचे कार्ड भरून घेत. फॉयची फेरी परत आली म्हणायची, पण ती वर्षातून एकदाच. उरलेले एक्कावन्न आठवडे दारावर येऊन कोण आजारी, कोण उपाशी हे पाहणारे कोणी नव्हते. आणि न दिलेली पेनी पदरची भरण्याची अट तर केव्हाच गळून पडली होती.

मिझोराममध्ये मात्र दारावरची फेरी टिकली आहे. तिथे प्रोटेस्टंट मिशनरी पोचले 1894 मध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथल्या बायकांनी ‘बुहफाई थम’, म्हणजे मूठभर तांदूळ, ही प्रथा घालून घेतली. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड ऐकून असलेल्या मराठी वाचकाला ती लगेच कळेल. स्वयंपाकासाठी तांदूळ मापून घेतला की चुलीवर चढण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात जाते, सकाळीही आणि संध्याकाळीही. रोख पैसा नसलेल्या घरालाही हे परवडते, कारण मूठ मिळकतीतून जात नाही, जेवणातून जाते. घरातला प्रत्येक जण चार घास कमी खातो एवढेच. आठवड्याला मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन ती भांडी रिकामी करतात. कुठे बासमतीसारखा बारीक, कुठे जाडाभरडा, असा सगळा तांदूळ एकत्र होतो आणि विकला जातो. आलेल्या पैशांतून मिझो मंडळीचे प्रचारक भारताच्या इतर भागांत पाठवले जातात. त्या फेरीत एखाद्या घरचे भांडे रिकामे निघाले, तर त्या घरी तांदूळच संपला आहे, हे मंडळीला त्याच दिवशी कळते.