जीप का थांबली?

2006 सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो आणि महाड परिसरातल्या ओढ्यांचे पाणी तपासत होतो. गोळा केलेले नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवावे लागत. उशीर झाला तर पाण्यातल्या जिवाणूंची संख्या बदलते आणि मग आकड्यांना काही अर्थ उरत नाही. या कामासाठी आम्हाला एक जुनी, पेट्रोलवर चालणारी, फोर व्हील ड्राइव्हची जीप मिळाली होती. सकाळी टाकी भरून घेतली, नमुने गोळा केले, वरंधा घाट चढू लागलो आणि गाडी आचके देत बंद पडली.

ड्रायव्हरना आम्ही सगळे मामा म्हणत असू. मामा शांतपणे खाली उतरले. एका प्लगची वायर काढून त्यांनी ती इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि आम्हाला स्टार्टर मारायला सांगितले. ठिणगी पडली. मग वायर जागेवर बसवून त्यांनी कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवली आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. नळीतून पेट्रोल आले नाही. "करंट आहे, तेल येत नाही," मामा म्हणाले. दोन मिनिटांत अर्धी गाडी संशयातून सुटली होती.

इथून पुढे आम्ही शहाणपणा केला. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. इंजिन तापले की पंपही तापतो आणि पेट्रोलमधले हलके घटक तिथेच उकळू लागतात. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे वाफ आली की तो नुसताच हालत राहतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके टाकून वीस मिनिटे थांबा, हा त्यावरचा सर्वमान्य उपाय आहे. आम्ही तो केला आणि गाडी सुरू झाली. काही किलोमीटर गेल्यावर पुन्हा बंद, पुन्हा फडके, पुन्हा सुरू. पुण्याला पोचेपर्यंत रात्र झाली आणि नमुने ओतून द्यावे लागले. त्या महिन्यात असे तीनदा घडले. तिन्ही वेळा ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, तेव्हा निदानावर शंका घेण्याचे कारणच नव्हते.

मामांनी वापरलेली "आधी ठिणगी, मग इंधन" ही रीत मोटारगाडीइतकीच जुनी असावी. पण लाखो नवख्या माणसांना ती पद्धतशीर शिकवण्याची वेळ आली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तिचा इतिहास जीपच्या इतिहासात गुंतलेला आहे.

1940 च्या जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीसाठी 135 कारखान्यांकडे विचारणा केली. मुदत इतकी कमी होती की प्रतिसाद दिला फक्त दोघांनी, बँटम आणि विलीज. बँटमसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा काढला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी पहिली गाडी मेरीलँडमधल्या कँप होलाबर्ड इथे हजर झाली. इंजिनात मात्र विलीजची सरशी होती. त्यांचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्या हाती आलेले इंजिन 48 अश्वशक्तीचे होते. ते तासन् तास पूर्ण जोराने पळवायचे, जो भाग दगा देईल तो सुधारायचा आणि पुन्हा पळवायचे, असे करत त्यांनी ते 60 अश्वशक्तीवर नेले. एका अर्थी हे इंजिन बिघाडांनीच घडवले.

पुढे विलीजच्या आराखड्यावरून फोर्डनेही जीप बनवली. दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या युद्धकाळात बाहेर पडल्या. फोर्ड आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उमटवीत असे, पण ते भाग विलीजच्या गाडीला बसत. बिघाड शोधण्याच्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे. कंडेन्सरवर संशय असेल तर शेजारच्या गाडीचा कंडेन्सर काढून लावायचा. गाडी चालू झाली तर संशय खरा, नाही तर दुसरीकडे पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदला, असे आपण विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या तासाला सांगतो. भाग एकसारखे असल्यामुळे सैनिकाला हा प्रयोग रस्त्याच्या कडेला करता येत होता.

22 फेब्रुवारी 1944 या तारखेची, टीएम 9-803 क्रमांकाची अमेरिकी युद्धखात्याची पुस्तिका या गाडीसाठी आहे. गाडी निघण्यापूर्वी, चालू असताना, थांब्यावर आणि काम संपल्यावर चालकाने काय काय पाहायचे, हे तीत क्रमाने दिले आहे. शिवाय बिघाड शोधण्याचा वेगळा विभाग आहे: लक्षण काय, त्याची संभाव्य कारणे कोणती, उपाय कोणता. कोणते काम चालकाने करायचे आणि कोणते वरच्या दर्जाच्या कारागिरावर सोडायचे, हेही ठरलेले होते.

पुस्तिका सगळेच वाचत नाहीत, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. सैन्यालाही तो आला. 'आर्मी मोटर्स' या नियतकालिकासाठी विल आयस्नर या चित्रकथाकाराने 'जो डोप' नावाचा एक वेंधळा सैनिक निर्माण केला. गाडीची निगा कशी राखू नये, हे तो स्वतःच्या फजितीतून दाखवीत असे. 1951 पासून याच धर्तीवर 'पीएस' नावाचे मासिक निघाले आणि तिथेही बरीच वर्षे आयस्नर यांचाच हात होता.

त्या काळच्या एका "बिघाडा"चा उल्लेख करायलाच हवा, कारण तो बिघाड नव्हेच. चिखलासाठी पुढच्या चाकांची ओढ जोडायची आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर ती सोडायला विसरायचे. मग स्टिअरिंग जड होते आणि पुढची ओढ सोडवण्याचा दांडा हलता हलत नाही. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये 80 इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर अंतर. वळताना मागच्या आसाचा मध्य 5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर असेल तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे 5.4 मीटर त्रिज्येवर येतो. (पायथागोरसचा प्रमेय लावून पाहावा.) म्हणजे पुढच्या चाकांना आठ टक्के जास्त अंतर कापायचे असते, पण ओढ जोडलेली असताना गियर दोघांना सारखेच फिरवतात. चिखलात चाक घसरून ही तफावत मिटते. डांबरावर ते घसरत नाही, मग शाफ्ट पिळले जातात आणि दाते एकमेकांत आवळून बसतात. अशा वेळी हातोडीची गरज नसते. गाडी थोडी मागे घेतली की पीळ उतरतो आणि दांडा सहज निघतो.

युद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेल्या जीप भारतात अनेकांनी घेतल्या. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशके त्या घराण्याच्या गाड्या आपल्याकडे बनत राहिल्या. सरकारी खाती, धरणांची कामे, साखर कारखाने, सगळीकडे त्या होत्या. आमच्या ओळखीच्या मिस्त्र्यांपैकी कोणी ती 1944 ची पुस्तिका पाहिलेली नव्हती. तक्ता त्यांच्या डोक्यात होता, आणि पुस्तिकेत न मावणारे काही प्रश्नही होते.

असा एक प्रश्न आम्हाला भोरजवळच्या एका छोट्या गॅरेजात ऐकायला मिळाला. चौथ्यांदा गाडी अडल्यावर आम्ही तिथवर कसेबसे पोचलो आणि व्हेपर लॉकची हकिगत उत्साहाने सांगितली. मिस्त्रींनी ऐकून घेतले. मग विचारले, "थंडीत?" आणि थोड्या वेळाने, "बंद पडते तेव्हा टाकी किती भरलेली असते?"

टाकी दर वेळी नुकतीच भरलेली असे. हे आमच्या लक्षात आले नव्हते असे नाही. एकदा आम्ही पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचा आरोपही करून पाहिला होता. मिस्त्री स्वतः गाडी घेऊन निघाले. ती बंद पडताच त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. टाकीचे झाकण सैल केले. सुस्स आवाज करत हवा आत गेली. गाडी लगेच सुरू झाली, फडके न लावता आणि वीस मिनिटे न थांबता.

पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी म्हणून टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. आमच्या झाकणाला ते नव्हते. टाकी 40 लिटरची. ती काठोकाठ भरली आणि वर 4 लिटर हवा उरली असे धरू. 1 लिटर पेट्रोल खर्च झाले की तीच हवा 5 लिटर जागेत पसरते आणि बॉइलच्या नियमाने तिचा दाब वातावरणाच्या चार पंचमांश होतो. आणखी एक लिटर गेले की दोन तृतीयांश. टाकी अर्धी असेल तर मात्र 20 लिटर हवा 21 लिटर जागेत पसरणार, फरक जेमतेम पाच टक्के. (पेट्रोलची वाफ ही तूट काहीशी भरून काढते, त्यामुळे प्रत्यक्षात दाब इतक्या झपाट्याने उतरत नाही.) टाकीतला दाब बराच उतरला की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. बाटलीत नळी घालून तोंड मळलेल्या कणकेने घट्ट बंद करावे आणि पाणी ओढून पाहावे. दोनचार घोटांतच पंपाची अडचण मुलांच्या ध्यानात येते.

मग फडक्याने गाडी सुरू का होत होती? वीस मिनिटांत झाकणाच्या कडेने थोडी हवा झिरपत असे आणि वाफही साठत असे. उपयोग थांबण्याचा होत होता. फडक्याचाही थोडा असेल, कारण कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळते. दोन वेगवेगळी कारणे एकाच उपायाने बरी होत असतील, तर तो उपाय कितीही वेळा लागू पडला तरी त्यांतले खरे कोणते हे कळत नाही. झाकण सैल करणे हा प्रयोग मात्र दोघांना वेगळे करणारा होता, आणि त्याला खर्च शून्य होता.

मिस्त्रींनी झाकण काढून गाडीपासून दूर नेले, त्याला सुईएवढे भोक पाडले आणि परत लावले. पुढच्या फेरीत नमुने दुपारी चारच्या आत प्रयोगशाळेत पोचले.

नंतर आम्ही गाडीचे लॉगबुक उघडले. नोव्हेंबरच्या अखेरीस मामांच्या अक्षरात एक नोंद होती: टाकीचे झाकण हरवले, जुन्या बाजारातून दुसरे आणून बसवले. गाडी बंद पडल्याची पहिली नोंद त्याच पानावर, तीन ओळी खाली होती.