पॅरामेट्रिक प्रतिमान

पॅरामेट्रिक प्रतिमान म्हणजे मापे व भौमितिक अटी यांनी बांधलेले, माप बदलताच आकार बदलणारे संगणकीय प्रतिमान होय. अशा अटींचा वापर आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये (१९६३) आढळतो. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत बनणाऱ्या वाहनांच्या सुट्या भागांसारख्या वस्तूंची आरेखने वारंवार सुधारावी लागतात. १०० मिमी रुंद पट्टीच्या मध्यावरील छिद्राचे कडेपासूनचे अंतर नुसते ५० मिमी दिल्यास, रुंदी १२० मिमी होताच छिद्र मध्य सोडते. ‘रुंदी भागिले दोन’ असा संबंध दिल्यास ते मध्यावरच राहते. फिलेटच्या कडेवर आधारलेला घटक फिलेट काढताच निराधार होतो. म्हणून मापे मूळ प्रतलांपासून देतात व फिलेट शेवटी घेतात.