कर्सिव्ह, मोडी आणि मी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लॅबमधली जुनी कपाटं रिकामी करायचं काम निघालं. त्यात १९५० च्या दशकातल्या प्रयोगांच्या वह्या सापडल्या. निळी शाई, भट्टीची तापमानं, आणि समासात त्या संशोधकाची स्वतःवरच केलेली चिडचिड. मी एक पान आमच्या इंटर्नला दिलं. आकडे त्याने भराभर वाचले, मजकुरापाशी मात्र थांबला. "मला कर्सिव्ह वाचता येत नाही." पोरगा अमेरिकेतच जन्मलेला, इंग्रजी त्याची मातृभाषा, आणि वाचून दाखवलं कोणी, तर मराठी शाळेत चार रेघी वहीत कर्सिव्ह गिरवून कंटाळलेल्या मी!

ह्या देशात एके काळी अक्षराचं केवढं प्रस्थ होतं! एकोणिसाव्या शतकात प्लॅट रॉजर्स स्पेन्सर ह्या शिक्षकाने घडवलेलं नक्षीदार वळण सगळीकडे चालायचं. कोका-कोलाची अक्षरं आठवा, तेच ते. पण कारकुनाला दिवसभर नक्षी काढायला वेळ कुठला? त्यात १८७४ मध्ये रेमिंग्टनचा टाइपरायटर बाजारात आला. तेव्हा ऑस्टिन नॉर्मन पामरने नक्षी काढून टाकली आणि बोटांऐवजी सबंध हात हलवून झरझर लिहायची पद्धत बसवली. मग शाळाशाळांतून पोरं पानंच्या पानं गोल गोल वेटोळी आणि तिरप्या रेघा काढत बसली. डावखुऱ्यांचे तर हालच, त्यांना उजव्या हाताने लिहायला लावत.

२०१० मध्ये 'कॉमन कोअर' हा अभ्यासक्रमाचा आराखडा आला आणि चाळीसहून जास्त राज्यांनी तो घेतला. त्यात कीबोर्ड होता, कर्सिव्ह नव्हतं. कोणी बंदी घातली नाही, नुसतं नाव गाळलं, तेवढं पुरलं. पुढे हार्वर्डच्या माजी अध्यक्ष आणि इतिहासकार ड्रू गिल्पिन फॉस्ट ह्यांनी २०२२ मध्ये लिहिलं, की त्यांच्या वर्गातल्या दोन तृतीयांश विद्यार्थ्यांना कर्सिव्ह वाचता येत नव्हतं. मग यादवी युद्धातल्या सैनिकांची पत्रं ही मुलं वाचणार कशी? आता वारं थोडं फिरलंय. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीत कर्सिव्ह पुन्हा आणलं.

इंटर्नची मी मनातल्या मनात जरा कीव केली, हे कबूल करतो. पण ती फार टिकली नाही. आमच्या गावच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचे कागद आहेत, सगळे मोडीत. पणजोबांनी विहिरीतला अर्धा हिस्सा विकला की गहाण टाकला, ह्यावर घरात दोन पिढ्या वाद आहे. उत्तर त्या ट्रंकेत असणार, आणि आमच्यापैकी कोणालाही ते वाचता येत नाही.

मोडी म्हणजे आपलं कर्सिव्हच की! आधी रेघ ओढून घ्यायची आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. तीही कारकुनांसाठीच, वेगासाठी. कर्सिव्हला कीबोर्ड भोवला, मोडीला छापखाना. छापायला बाळबोध सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतूनही गेली. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले म्हणून ते तरी आपण वाचतो. बाकीचे रुमाल वाचणारे किती उरलेत?

हाताने लिहिल्याने मेंदू तल्लख होतो वगैरे वाद तज्ज्ञांनी घालावा. पामरसारखी वेटोळी पोरांकडून काढून घ्यावीत असं मला मुळीच वाटत नाही. पण वाचता यावं एवढं तरी शाळेने शिकवावं. त्याला लागतो किती वेळ? आमच्या इंटर्नला मी एक कागद लिहून दिला, सव्वीस अक्षरं, छोटी आणि मोठी. आठवड्याभरात तो समासातल्या शिव्यासुद्धा वाचायला लागला.

मोडीची बाराखडी मी डिसेंबरपासून गिरवतोय. मला आठवडा पुरलेला नाही. ट्रंकेतल्या एका कागदाचा फोटो चुलतभावाने पाठवलाय, त्यातली तारीख आणि पणजोबांचं नाव लागलं. विहीर अजून सापडायची आहे.